मागच्या रस्त्याने नेलेला माणूस

अट्रॅक्टाची तक्रार एकच. तिने डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं, आणि आयर्लंडातल्या रॉसकॉमनकडच्या त्या गावात एकानेही ते खरं मानलं नाही. म्हणाले, रडून रडून डोळे गेले बाईचे. अरे, ती रडली कधी? कांदा चिरतानाही तिच्या डोळ्यांत पाणी कुणी बघितलेलं नाही.

ऐका तर. गुरुवार होता, एकोणीस जानेवारी, साल दोन हजार तेवीस. संध्याकाळचे सात वाजलेले, बाहेर मिट्ट काळोख. अट्रॅक्टा सँडविचचं ताट फडक्याने झाकून डर्व्लाकडे निघाली. डर्व्लाचा नवरा कॉरमॅक गेला होता. साऱ्या आयर्लंडात गेलेला माणूस रात्रभर घरात ठेवतात, पेटी उघडी असते. घरची माणसं भिंतीशी ओळीने खुर्च्यांवर बसतात. गाव येतं, एकेकाचा हात हातात घेतं, "वाईट झालं हो" म्हणतं, आणि चहाला वळतं.

डर्व्लाची रांग पार फाटकाबाहेर आलेली. ती बघूनच अट्रॅक्टाचा जळफळाट झाला.

तिचा नवरा मॅलकी कोरोनाच्या साथीत गेला, वीस सालच्या एप्रिलात, इस्पितळातच. अंगावर सूट नाही चढवला, तोंड नाही दाखवलं. चर्चमध्ये मोजून दहा माणसं. एकानेही तिचा हात हातात घेतला नाही. तेव्हापासून लोकांना तीच सवय लागली. कुणी मेलं की फोनवर दोन ओळी टाकायच्या आणि आपल्या कामाला लागायचं. आणि हा कॉरमॅक, ज्याने उभ्या जन्मात कुणाला चहा पाजला नाही, त्याच्यासाठी अख्खं गाव थंडीत उभं.

तसं मॅलकीसाठीही उभं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, सहा-सहा फुटांवर, साठ माणसं पावसात. पण गाडी आलीच नाही. पेटीची गाडी हाकणाऱ्या टियर्ननने ती मागच्या माळरस्त्याने नेली. गावाने त्याला शिव्या घातल्या, त्याने तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं, ते अट्रॅक्टाला ठाऊक. सकाळी त्याला फोन तिनेच केला होता. मुख्य रस्ता डर्व्लाच्या फाटकावरून जातो. लग्नाआधी मॅलकी डर्व्लाच्या मागे होता, आणि ती सटवी मेणबत्ती घेऊन फाटकात उभी राहणार होती म्हणे. राहू दे उभी, भिजू दे, असं अट्रॅक्टा तेव्हा म्हणाली होती.

दाराशी डर्व्लाची भाची ओर्ला ताट घ्यायला आली. "काकू, एवढं कशाला केलंत?"

"तुझ्या मावशीला जमत नाही म्हणून. तिचा हॅम चपलेसारखा लागतो."

"हळू बोला, ऐकेल ती."

"ऐकू दे की. कान तरी शाबूत आहेत का बघू."

अट्रॅक्टा रांगेतून आत सरकली. डर्व्लाचा हात घेतला. दोन मुली. मुलगा. कॉरमॅकचा भाऊ. पाच झाले.

सहाव्या खुर्चीवर मॅलकी बसला होता.

निळा इस्पितळी झगा. मनगटाला प्लास्टिकची पट्टी. पुढची माणसं भावाचा हात सोडत, आणि हात क्षणभर हवेत तसाच राही... मग तळहात चोळत निघून जात. कुणाला काही कळत नव्हतं. तो मात्र एकेक हात दोन्ही हातांत घेत होता. हसत होता.

तिच्याकडे बघून असा तो कधी हसला नव्हता.

"इथं?" ती कुजबुजली. "चाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंस... आणि हात घ्यायला हिच्या घरी?"

हसू थांबलं.

तिने हात पुढे केला.

त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले.

"मी आहे रे..."

त्याने तोंड फिरवलं.

"मॅलकी..."

"काकू," मागून ओर्ला म्हणाली, "भिंतीशी काय बोलताय?"

भिंतच होती. खुर्ची नव्हती.

कॉरमॅकला पुरल्यावर, शनिवारी, डर्व्ला एकटीच अट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरात आली. येणारे सही करतात ती वही तिने टेबलावर उघडली. "शेवटची ओळ वाच."

अक्षर डावीकडे कललेलं. डाव्या हाताचं. मॅलकी डावरा होता.

"हे अक्षर मी ओळखते," डर्व्ला म्हणाली.

कसं गं ओळखतेस, असं अट्रॅक्टाच्या ओठांवर आलं. पण तिने ओळीवर बोट ठेवलं. दोन दिवसांनीसुद्धा शाई बोटाला लागली.

'टियर्ननला बोल लावू नका. मला गावापासून चोरून नेलं ते...'

आणि खाली, एकटं, एक नाव.

अट्रॅक्टा.