फळीवरचे अकरा गुंड

पांढुर्ण्याच्या कॉलेजात शिकवणारे भूपेंद्र सर मंगळवारी सकाळच्या बसनं सौंसरला आले आणि विचारत विचारत उत्तमच्या घरी पोचले. या भागात जमीन आजवर कधी कधी हलली, त्याचा इतिहास ते जमवत होते. मोठ्या भूकंपांची नोंद सरकारकडे असते. पण इकडे भांडी वाजली, कौलं सरकली, हे कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून ते जुन्या माणसांकडे जात होते. नगरपालिकेच्या नळविभागातून रिटायर झालेल्या उत्तमच्या भिंतीवर तारखा आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

तारखा उत्तमच्या बायकोनं, शकुंतलानं लिहिल्या होत्या. ती जाऊन चौदा महिने झाले होते.

मधल्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूला सागाची लांब फळी होती. तिच्यावर पाणी भरायचे अकरा पितळी गुंड एकावर एक रचलेले. शकुंतलानं ते रामाकोन्याहून माहेरून आणले होते. एकेक गुंड रिकामा असला तरी दोन्ही हातांनी उचलावा लागे. वर्षातून दोनदाच ते खाली उतरत, चौदा एप्रिलच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी. मग चिंच लावून घासायचे, अंगणात पालथे घालायचे, वाळले की पुन्हा वर.

फळीखाली भिंतीवर चुन्याच्या खुणा होत्या. प्रत्येक खूण दोन बोटांची, एक रेघ लांब आणि एक आखूड. शकुंतला तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, तिथं मशीनमध्ये तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं टोक गेलं होतं. ती तंबाखू खायची. त्याच डबीतला चुना बोटांवर घेऊन ती खूण काढी आणि खाली पेन्सिलीनं तारीख लिही. ती डबी अजून फळीच्या कोपऱ्यात होती. चुना वाळू नये म्हणून उत्तम चार दिवसांनी तिच्यात पाण्याचे दोन थेंब टाकत असे. का, ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

भूपेंद्र सरांनी तारखा उतरवून घेतल्या. मग मोबाइलमध्ये पाहून ते म्हणाले की सगळ्या तारखा एक दिवस मागं आहेत. किल्लारीचा भूकंप तीस सप्टेंबरचा, इथं एकोणतीस लिहिलं आहे. जबलपूरचा बावीस मेचा, इथं एकवीस.

उत्तमनं समजावून सांगितलं. ते दोन्ही रात्रीचे. आपल्याकडे सूर्य निघाल्याशिवाय दिवस बदलत नाही. रात्री दोनला पोर झालं तरी कालच्याच दिवशी झालं म्हणतात. शकुंतला चौथी शिकलेली, तिनं तसंच धरलं असणार. सरांना हे पटलं, त्यांनी ते लिहूनही घेतलं. मग त्यांचं पेन थांबलं.

"पण काका, हा गुजरातचा. दोन हजार एकचा. हा तं सकाळी पावणेनऊचा होता, सव्वीस जानेवारीले."

भिंतीवर पंचवीस होतं.

उत्तम म्हणाला, चुकली असेल. सर चहा घेऊन गेले.

ते गेल्यावर उत्तम फळीसमोर उभा राहिला. ती सव्वीस जानेवारी त्याला आठवत होती. नगरपालिकेतलं झेंडावंदन आटोपून तो घरी आला, तेव्हा अकराही गुंड अंगणात पालथे पडले होते, वाळून कोरडे. सण ना सूद, हे कायले काढले, म्हणून तो तिच्यावर चिडलाही होता. ती म्हणाली होती, "कालपासून माहे पाय गार पडून राहिले होते." तेव्हा त्यानं ते कानाआड केलं होतं. आता त्याच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत एकाही गुंडाला पोचा नव्हता.

ती गेली त्या दिवसाची खूण भिंतीवर नव्हती. ते मात्र तिला कळलं नव्हतं.

सून दिपाली आठ दिवसांपासून घरी होती. चार महिन्यांची नात, केतकी, बरोबर होती. मुलगा कुणाल नागपूरला कंपनीत होता. त्यानंच मागच्या रविवारी मधल्या खोलीत आढ्याच्या कडीला पाळणा टांगला होता, फळीच्या बरोबर खाली. खोली थंड, म्हणून. पाळणा दुसरीकडे टांग, असं उत्तमनं तेव्हा एकदा म्हटलं होतं. कुणाल हसला होता. "बाबा, मी एवढा झालो, एक तरी गुंड पडला काय?"

शनिवारी उत्तमला मधल्या खोलीची फरशी गार लागली. पाणी सांडलं असेल म्हणून त्यानं हात फिरवला. फरशी कोरडी होती. बाजूच्या खोलीत तसं नव्हतं. गुंड उतरवावेत असं त्याच्या मनात आलं, पण खांदा दुखत होता आणि सुनेला काय सांगायचं ते सुचेना. उद्या कुणाल येईल, त्याला सांगू, असं त्यानं ठरवलं.

रविवारी तो कुणालला आणायला बसस्टँडवर गेला. नागपूरची बस पाऊण तास लेट होती. दोघं संत्री घेऊन घरी आले तेव्हा बारा वाजत होते.

अंगणात अकरा गुंड पालथे होते. ओले. चिंचेचा वास येत होता. संत्र्याच्या झाडाखाली, सावलीत, लुगड्याच्या घडीवर केतकी झोपली होती.

दिपाली मागून हात पुसत आली. "मामाजी, एवढं कायले केलं एकट्यानं? मले सांगायचं ना."

कुणाल म्हणाला की बाबा तासाभरापासून स्टँडवरच होते.

दिपालीला ती थट्टा वाटली. ती मागं नळावर कपडे धूत होती. घासल्याचा आवाज तिनं ऐकला होता. मामाजी परत आले असं समजून तिनं तिथूनच म्हटलं होतं, केतकीकडे लक्ष ठेवजा.

"मग? काय म्हणाले?" कुणालनं विचारलं.

"काही नाही. पाळण्याची कडी वाजून राहिली होती, ते थांबली."

कुणाल आत गेला. उत्तम त्याच्या मागं गेला. फळी रिकामी होती. पाळणा कडीवरून काढून, दोरी गुंडाळून भिंतीला टेकवला होता. फोटोही खाली उतरवून चादरीत ठेवला होता. भिंतीवर नव्या दोन रेघा होत्या, एक लांब, एक आखूड. चुना अजून ओला होता. खाली पेन्सिलीनं आजची तारीख.

कुणालनं तारीख वाचली. मग त्यानं बापाकडे पाहिलं.

"बाबा, तुम्हीच सकाळी केलं असेल. विसरून राहिले तुम्ही आजकाल."

गुंड ओले आहेत, एवढंच उत्तम म्हणाला.

कुणाल बाहेर गेला. ऊन झाडाखाली सरकलं होतं. त्यानं केतकीला उचललं आणि दाराकडे निघाला. उत्तम दारात उभा होता. तो बाजूला झाला नाही.

"सरका बाबा. ऊन लागून राहिलं तिले."

"आत नको नेऊ."

"कायले?"

"उद्याचा दिवस निघून जाऊ दे. तुही माय एकदाही चुकली नाही."

कुणाल दाराच्या पायरीवर अनवाणी उभा होता, आणि भर दुपारी पायरी गार होती. त्यानं एक पाय उचलला, मग दुसरा. हळूच मागं सरकून तो अंगणात उतरला.

उत्तमनं बाज ओढून पार फाटकापाशी नेली, भिंतीपासून लांब. दिपालीनं वर दोन लुगडी बांधून सावली केली.

मग उत्तमनं नातीला मांडीवर घेतलं. ती अजून झोपेत होती. तिला खांद्यावर टाकताना झबल्याच्या पाठीवर त्याला पांढरं दिसलं. उचलताना हात घालतात तिथंच. चुन्याची चार बोटं होती.

अंगठ्याजवळचं पेरभर आखूड होतं.