तिघांचे आवरण

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, सूर्यकिरण जिथे कधीच पोहोचत नाही अशा एका विवराच्या काठावर, हिमगर्त नावाची वसाहत होती. तिच्या गणनाशाळेत वसाहतीचे वृद्ध गणिती आचार्य त्र्यंबक वझे यांच्यासमोर त्या दिवशी रेवती पागधरे बसल्या होत्या. रेवतीबाईंनी उमेदीची वर्षे सहचरी म्हणून काढली होती. एकाकी माणसांना मोबदला घेऊन सहवास देण्याचा हा व्यवसाय आता विधिसंमत होता, आणि त्या सहचरी मंडळाच्या प्रमुख होत्या. हिमगर्तात एक सहचरी येऊन राहणार होती. तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था पक्की केल्याशिवाय त्या पृथ्वीवर परतणार नव्हत्या.

परत परत येणाऱ्या माणसाची त्यांना चिंता नव्हती. त्याच्याबद्दल एका सहचरीने दिलेला शब्द दुसरीपर्यंत पोहोचतो. प्रश्न प्रथमागताचा, पहिल्यांदाच येणाऱ्याचा होता. त्याच्यासाठी शब्द कोण देणार?

"आचार्य, दार लावल्यावर आत कोण आहे, हे बाईला कळायला हवं," त्या म्हणाल्या.

"कोण आहे हे नव्हे, रेवतीबाई. कसा आहे, हे."

वझ्यांनी आपली रचना सावकाश उलगडून सांगितली. आरोग्यशाळा आणि तक्रार-न्यायालय यांच्याकडील माहितीवरून गणनाशाळेचे यंत्र प्रथमागताचे एक शीलवर्णन तयार करील: वय, प्रकृती, कोणावर कधी हात उगारला आहे काय, इतकेच. त्यात नाव नसेल. ते वाचून सहचरीने होकार द्यावा किंवा नकार. मात्र एवढ्याशा वसाहतीत वर्णनही नाव सांगून जाते. डावखुरा स्वयंपाकी म्हटले, आणि वसाहतीत डावखुरा स्वयंपाकी एकच असला, की लपवायचे काही उरतच नाही. म्हणून समूहावरण. एकाच वर्णनाच्या किमान तीन माणसांनी इच्छा कळवल्याखेरीज यंत्र कोणालाच बोलावणार नाही, आणि बोलावील ते तिघांनाही एकाच संध्याकाळी. कारण भोजनगृहातली रिकामी खुर्चीही चहाडी करते. तिघे अवगुंठन घेऊन एका दालनात बसतील, चिठ्ठीच्या क्रमाने आत जातील, आणि ठरलेली वेळ संपेपर्यंत बाहेरचे दार कोणासाठीही उघडणार नाही.

रेवतीबाईंनी त्यात एका अटीची भर घातली. त्या दालनात कोणाचेही नाव उच्चारले गेले, तर आतल्या दाराला तत्क्षणी कुलूप पडावे आणि ती भेट रद्द व्हावी.

वझ्यांना ही अट अवाजवी वाटली. तसे त्यांनी बोलूनही दाखवले.

"ज्या बाईला येणाऱ्याचं नाव कळलं, तिचं तोंड बंद करावंसं कुणाला तरी वाटतं," रेवतीबाई शांतपणे म्हणाल्या. "माझी एक मैत्रीण अशीच गेली. ही अनामता तुम्हाला तुमच्या अब्रूसाठी हवी असेल. आम्हाला ती जिवासाठी हवी आहे."

वझ्यांनी मान लववली आणि ध्वनिपारखी यंत्र दालनात बसवण्याचे मान्य केले.

उठता उठता रेवतीबाईंनी विचारले, "आणि ज्याच्यासारखं दुसरं कुणीच नाही, त्याचं काय?"

"त्याने थांबावे."

"कुठवर?"

गणितात या प्रश्नाला जागा नव्हती.

रेवतीबाई गेल्या, सहचरी आली, आणि ती रचना बिनबोभाट चालू लागली. वसाहतीत तरुण खाणकामगार पुष्कळ होते. त्यांच्या वर्णनांना आवरणाची वाण नव्हती.

वझे मात्र चिरनिवासी होते. चंद्राच्या क्षीण गुरुत्वात दीर्घ काळ राहिलेल्या माणसाची हाडे इतकी विरळ होतात की पृथ्वीचे ओझे ती पेलू शकत नाहीत. असा माणूस मग परत जात नाही. त्यांच्या पत्नीला, वत्सलाबाईंना, हृदयाच्या दुखण्यामुळे प्रवासाची मनाई होती. दोघांनी अर्धा संसार पडद्यावरून केला, आणि तिचे शेवटचे दर्शनही वझ्यांनी पडद्यावरच घेतले. तिला स्पर्श करणारे हात शेजाऱ्यांचे होते. ती गेल्यापासून त्यांना कोणी नावाने हाक मारली नव्हती. ते सर्वांचे आचार्य होते. लोक त्यांना वाट देत, उठून जागा देत, आणि जागा दिल्यावर नम्रपणे दुसऱ्या मेजावर जाऊन बसत.

कोणीतरी जवळ बसावे, आपला हात हातात घ्यावा, एवढेच त्यांना हवे होते. ते मागण्यासाठी मानवी भाषेत सभ्य वाक्य कोणते, हे त्यांना ठाऊक नव्हते. यंत्राला वाक्य लागत नव्हते. एका सकाळी त्यांनी आपली इच्छा कळवली.

यंत्राने उत्तर दिले: प्रतीक्षा.

हे उत्तर त्यांनी कळ दाबण्यापूर्वीच ताडले होते. साठी ओलांडलेले, एकटे राहणारे चिरनिवासी हिमगर्तात तिघेच होते. एक ते स्वतः. दुसरे यंत्रशाळेचे दौलत घोरपडे. भोजनगृहात त्यांच्याभोवती सदैव पोरांचा गराडा असे आणि त्यांचे हसणे भिंतीपलीकडे ऐकू जाई. तिसरे जलशुद्धीचे मुकुंद आठल्ये. ते पहाटे ध्यानाला बसत, दिवसभर मोजके बोलत. त्यांना कोणाची गरज भासत असेल असे मनातही येत नसे. एकाचे आयुष्य माणसांनी भरलेले, दुसऱ्याचे स्वतःनेच. हे दोघे तिकडे कशाला फिरकतील? आपण केलेला नियम आपल्याच दारावर अडसर होऊन बसला आहे, हे वझ्यांनी जाणले आणि निमूटपणे स्वीकारले. रोज ते उत्तर पाहत; रोज तेच उत्तर असे.

आणि एके दिवशी ते बदलले. संमती आली.

वझ्यांच्यातला गणिती जागा झाला. आवरण पूर्ण झाले, म्हणजे तिघांनी इच्छा कळवली. तशी माणसे तीनच. तेव्हा तिघांपैकी कोण, हा प्रश्नच उरत नव्हता. समूह लपवतो ते 'कोणी केले' एवढेच, पण समूहातल्या प्रत्येकानेच एक गोष्ट केली असेल, तर ती गोष्ट कोणाचीच लपत नाही. जे त्यांना कळले, ते या क्षणी घोरपड्यांना आणि आठल्यांनाही कळले असणार.

माघार घ्यावी, असे त्यांना प्रथम वाटले. परंतु एकाने माघार घेतली की आवरण फाटणार, आणि उरलेल्या दोघांना पुन्हा प्रतीक्षा. चौथा चिरनिवासी तर दृष्टिपथात नव्हता. आपली लाज वाचवण्यासाठी त्या दोघांचे दार बंद करण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

ठरलेल्या संध्याकाळी ते अवगुंठन घेऊन दालनात शिरले. दोघे आधीच बसले होते, करड्या वस्त्रात नखशिखांत झाकलेले, एकमेकांपासून शक्य तितके दूर. बाहेरचे दार मिटले. आतल्या दारावर हिरवा दिवा होता.

कोणी हलले नाही. एका अवगुंठनाखालून घसा खाकरल्याचा आवाज आला. तो गडगडाटी घसा वझ्यांनी भिंतीपलीकडून किती वेळा ऐकला होता! आज तो लहान मुलासारखा दबलेला होता.

मग दुसरे अवगुंठन, जे दिवसभर मोजके बोलत असे, ते बोलले.

"त्र्यंबक."

आतल्या दारात कुलूप खटकन बसले. दिवा तांबडा झाला.

"आठल्ये, अट वाचली होतीत ना?" वझे कसेबसे म्हणाले.

"वाचली होती. दोनदा," आठल्ये म्हणाले. "पण इथे बसून तुम्हाला न ओळखल्यासारखं करणं मला जमेना. भोजनगृहात तेच करतो रोज."

घोरपड्यांनी तोंडावरचे वस्त्र बाजूला केले. त्यांचे डोळे ओले होते, पण ओठांवर नेहमीचा खट्याळपणा होता. "महिनोन्महिने वाट बघितली मी. आणि या मौनी बाबाला आजच वाचा फुटायची होती! आचार्य, चुकलं तुमचं गणित."

"गणित बरोबर आहे, दौलतराव," वझे म्हणाले. "तुम्हा दोघांना मी चुकीचं धरलं होतं."

बाहेरचे दार वेळ संपेपर्यंत उघडणार नव्हते. ती तजवीज वझ्यांचीच होती. घोरपडे आपली खुर्ची सरकवीत जवळ आले. आठल्यांनी हळूच विचारले, वत्सलाबाई त्यांना काय म्हणून हाक मारीत? आणि वझे सांगू लागले. तिचे नाव त्यांनी किती काळात मोठ्याने उच्चारले नव्हते.

सांगता सांगता ते मध्येच थांबले.

कुलूपबंद दारापलीकडे ती होती. हिमगर्तातली एकुलती एक सहचरी. तिचे नाव या वसाहतीत कोणाला ठाऊक नव्हते. ते कोणी विचारू नये अशीच तर सारी रचना होती. तिच्यासारखे तिथे दुसरे कोणीच नव्हते. तिच्यासाठी आवरण कधीच पूर्ण होणार नव्हते. रेवतीबाईंचा उठता उठता विचारलेला प्रश्न वझ्यांना आता नीट ऐकू आला, आणि आपण दिलेले उत्तरही.

त्याने थांबावे.

"का थांबलात?" आठल्ये म्हणाले.

वझ्यांनी बोट उचलून त्यांना गप्प केले. दारापलीकडून आवाज येत होता. कोणीतरी एक खुर्ची हळूहळू ओढत दाराजवळ आणत होते.