आकडा स्थिर होईपर्यंत

"अक्का, हात लावू नका! तापलीय ती!"

नयनाने चटकन बोट मागे घेतलं. पुण्याहून बेंगळुरूच्या संशोधन संस्थेत रुजू होऊन जेमतेम तास झालेला, आणि बाईसाहेब भलत्याच प्रयोगशाळेत शिरून तांब्याच्या कांडीला हात लावायला निघालेल्या! ओरडणारा श्रीहर्ष तिथला इंजिनीअर; चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातला.

"अक्का म्हणालात... आता भाऊबीजेला ओवाळणी काय घालणार?"

"छे छे, शब्द परत घेतो!" तो कानापर्यंत लाल झाला.

महिन्याभरात तिने तोच प्रयोग मागून घेतला. तापलेली कांडी भिंतीजवळ सरकवायची, वारा सोडायचा आणि तो किती उष्णता पळवतो ते मोजायचं. दर वेळी आकडा स्थिरावायला चाळीस मिनिटं लागत. त्याआधी घेतलेली नोंद खोटी. ती चाळीस मिनिटं मात्र निव्वळ त्या दोघांची.

"कांडी भिंतीच्या फार जवळ गेली की वाऱ्याचे भोवरे गप्प होतात," तो एकदा म्हणाला. "तू शेजारी बसलीस की माझंही तसंच..."

मार्चमध्ये त्याने धीर केला. "घरी मुली बघतायत, नयना. माझ्याशी... लग्न करशील?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण काळीज इतकं उसळत असताना दिलेलं उत्तर खरं कसं मानायचं? कामाची सवय नडली.

"स्वल्प... थोडं थांब," ती म्हणाली. "मन स्थिर होऊ दे."

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. आणि थांबला.

तो दिसला की काळीज पुन्हा उसळे, आणि ती उत्तर पुढे ढकली. ते उसळणं हेच उत्तर होतं, हे वेडीला कळायला जून उजाडला. कळलं तशी ती धावतच प्रयोगशाळेत आली.

"श्रीहर्ष, हो! माझं उत्तर हो आहे!"

त्याने वारा बंद केला.

"रविवारी माझा साखरपुडा झाला. कावेरीशी."

"मला न सांगता?"

"तीन महिने, नयना... वाटलं, तुला नाही म्हणायचंय, पण तोंडावर म्हणवत नाहीये."

"मी रोज हो म्हणत होते रे. मनात."

"मला ऐकायचं होतं ते," तो म्हणाला.

टेबलावर त्याचा फोन वाजू लागला. कावेरी. त्याने हात पुढे केला नाही. नयनाने डोळे पुसले, फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"घे. तिला वाट बघायला लावू नकोस."