मागच्या पंचाची शिट्टी

पहिल्याच मिनिटाला मी त्याला धडकले. खेळाडू राहिले बाजूला, आम्ही दोघं पंचच एकमेकांवर आदळलो!

"अगं, तू इथे काय करतेयस?" कपाळ चोळत त्याने विचारलं.

"तूच सांग! बॉल दुसऱ्या संघाकडे गेला की मागचा पंच धावत बास्केटखाली जातो, पुढचा मागे राहतो. मागे कोण राहणार होतं, तुझे आजोबा?"

तो इतका छान हसला की मला पुढे भांडायचंच सुचेना.

हा उत्तम. डोंबिवलीचा, केमिकल कंपनीत कामाला. मी शेवंती, कोपरीच्या कोळीवाड्यातली. १९८९ साली आम्ही बास्केटबॉल पंचांच्या परीक्षेची तयारी करत होतो आणि सरावाला आमची जोडी लागली होती. पुढचे सहा रविवार तो पुढे, मी मागे... मी पुढे, तो मागे. खेळ पुन्हा सुरू करण्याआधी जोडीदाराकडे बघायचं, अशी पद्धतच आहे. मी जरा जास्तच वेळ बघायचे.

"पंचबाई, चालू करायचं का?" तो लांबून ओरडायचा आणि मी लाजून लाल व्हायचे.

परीक्षेच्या सामन्याला आमचे परीक्षक पंढरी सर वही घेऊन बसले होते. शेवटची दोन मिनिटं. उत्तम बास्केटखाली, मी मागे. त्याच्यासमोर एक धिप्पाड खेळाडू आला आणि त्याच्या पाठीआड कुणीतरी बॉल टाकणाऱ्याचा हात सरळ ओढला. उत्तम एक पाऊल सरकला असता तर त्याला दिसलं असतं. तो सरकला नाही. बास्केटखालचं बघायची जबाबदारी त्याची. मी शिट्टी मारली तर त्याची चूक सरांसमोर उघडी पडणार. आणि मग तो माझ्याशी बोलेल...? पण फाऊल तो फाऊल. मी शिट्टी मारली.

मी पास झाले. उत्तम नापास.

मैदानाबाहेर तो बूट सोडत बसला होता.

"रागावलास?"

"रागावलेलो. पाच मिनिटं." त्याने वर पाहिलं. "फाऊल होता ना?"

"होता."

"मग झालं तर." तो नाडीशी चाळा करत राहिला. "शेवंती... असं खरं सांगणारं माणूस मला आयुष्यभर पाहिजे. आई-बाबांना घेऊन तुझ्या घरी येऊ? म्हणजे... आत्ता नाही, पास झाल्यावर."

"पुढची परीक्षा वर्षाने आहे."

"हो ना..."

मला तो आवडत होता, फार आवडत होता, आणि वर्षभर थांबायची माझी मुळीच तयारी नव्हती.

"वेडा आहेस का?" मी म्हणाले. "रविवारी ये."