डाव्या पायाचा आकडा

अस्थिकाट्याने तिसऱ्यांदा तेच आकडे दाखवले तेव्हा डॉ. मगदूम यांनी यंत्राच्या बाजूवर तळहात आपटला. मिरजेच्या भारसंवेदन संस्थेत या यंत्राला असे आपटायची मुभा फक्त त्यांनाच होती, कारण ते त्यांनीच बनवले होते.

"बिघडलंय," ते म्हणाले.

"सकाळपासून सहा जणांना तपासलं सर, सगळे बरोबर आले," डॉ. आरिफा मुजावर म्हणाल्या. त्या मगदुमांच्या हाताखाली बारा वर्षे काम करत होत्या आणि आता त्यांना घाबरत नव्हत्या. "नाचता येईना अंगण वाकडं, असं नको व्हायला."

केतकी चौगुले दोन धातूच्या पाट्यांवर अनवाणी उभी होती, एकेका पाटीवर एकेक पाय. दोन्ही नडग्यांना पट्टे बांधलेले होते. वय शेहेचाळीस, वजन नव्वद. समोरच्या पडद्यावरच्या नव्वदकडे ती जरा जास्त वेळ पाहत राहिली होती. हा आकडा फार पूर्वीही कुठेतरी खूप वेळा पाहिलाय असे तिला वाटले, मग तेही वाटेनासे झाले.

नऊ वर्षांपूर्वी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिचे वजन एकशे बारा होते. चार वर्षांत ते सहासष्टपर्यंत उतरले आणि मग दोन वर्षांत चोवीस किलो परत आले. येत्या शुक्रवारी दुसरी शस्त्रक्रिया ठरली होती, पहिलीपेक्षा बरीच जोखमीची. सर्जनने आधी हाडांचा अहवाल मागितला होता. नुसता सोपस्कार, असे तिला सांगितले होते. शुक्रवारची तिला भीती वाटत नव्हती. तिला काहीच वाटत नव्हते. पाच वर्षे तिला भूक सोडून फारसे काही वाटलेच नव्हते.

"मी उतरू का?" तिने विचारले.

"थांबा की दोन मिनिटं," मगदूम म्हणाले. "तुमचा डावा पाय आम्हाला येडं करायला लागलाय."

"काय झालंय त्याला?"

मगदुमांना कोणी असे विचारले की त्यांचा राग निम्मा उतरत असे. त्यांनी स्टूल ओढले.

"पोट कापून वजन उतरतं, आणि काही वर्षांनी परत येतं. शंभरातल्या कितीतरी जणांचं येतं. लोक म्हणतात, चोरून खातात. म्हणतात ना?"

"म्हणतात."

म्हणत होतेच. ती तासगावच्या बेदाणा शीतगृहात तापमानाच्या नोंदी पाहायची. बेदाण्यात बसून कोण उपाशी राहतंय, असे सगळे हसत म्हणायचे. तिच्या नवऱ्याने, महेशने, घरातल्या बेदाण्याच्या डब्याला कुलूप लावले होते. तेही हसतच.

"मूर्ख आहेत," मगदूम म्हणाले. "अहो, वजन मोजायचा काटा पोटात नाहीच. तो इथं आहे." त्यांनी स्वतःच्या नडगीवर टिचकी मारली. "हाडाच्या आत बारीक पोकळ्यांत पेशी बसलेल्या असतात. भार आला की हाड केसभर दबतं, आतलं पाणी हलतं, पेशींना कळतं किती ओझं आलं. त्यांच्याकडं एक आकडा असतो. आम्ही त्याला भारस्मृती म्हणतो. ओझं त्या आकड्यापेक्षा कमी पडलं, की पेशी मेंदूला सांगतात, खा. जास्त झालं, की सांगतात, बास. शस्त्रक्रियेनं हा आकडा एकदा खाली येतो आणि तिथंच चिकटतो. पोट लहान केलं म्हणजे दार अरुंद केलं, मागणारा घरातच बसलाय."

"माझा आकडा किती?"

"नव्वद. म्हणून तर तुम्ही नव्वदवर येऊन थांबला. गेली तीन वर्षं उपाशी राहा नाहीतर लग्नाच्या पंगतीत बसा, नव्वदच. हो की नाही?"

"हो."

"इथवर सगळं सरळ आहे," डॉ. मुजावर म्हणाल्या. "पण केतकीताई, मग तुम्ही आधीच्या चार वर्षांत सहासष्टपर्यंत उतरलातच कशा? बाकीच्यांची हाडं लगेच मागायला लागतात. तुमची चार वर्षं गप्प होती. त्यांना नव्वद मिळत होतं म्हणूनच गप्प होती. वरचं ओझं कुठून येत होतं?"

"आणि हा पाय," मगदूम म्हणाले. "माणसाच्या दोन्ही पायांत आकडा निम्मानिम्मा वाटलेला असतो. पण ज्या सवयीनं तो बरीच वर्षं भरला गेला, तीच वाटणी टिकते. तुमच्या उजव्या पायात तेहेतीस आणि डाव्यात सत्तावन्न. बेरीज बरोबर नव्वद. फरक चोवीस! असला पाय मी जन्मात बघितला नाही."

डॉ. मुजावरांनी तिने भरलेला अर्ज पुढे घेतला. व्यवसाय, बैठा. व्यायाम, नाही. अपत्ये, नाही.

"शीतगृहात पेट्या उचलता का?"

"नाही. खुर्चीतलं काम."

"पाणी भरता?"

"नळ आहे घरात."

"रोज उचलत असला पाहिजेत," मगदूम म्हणाले. "हाडं सरासरी काढत बसत नाहीत. रोज न चुकता येणारं सगळ्यात मोठं ओझं, तेवढंच धरतात. तासभर आलं तरी बास. ते यायचं थांबलं, की महिनाभर वाट बघतात आणि मग मागायला लागतात. आठवा की जरा! चोवीस किलो काय आभाळातनं पडले?"

केतकीने डाव्या पायाकडे पाहिले.

"ओवी चोवीस होती," ती म्हणाली.

"ओवी कोण?"

"माझी मुलगी."

डॉ. मुजावरांनी पुन्हा अर्जाकडे पाहिले.

"आता नाही," केतकी म्हणाली. "म्हणून तसं लिहिलं. अकरा वर्षांची होती. जन्मापासून तिला उभं राहता यायचं नाही, मानही धरायची नाही नीट. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सकाळी व्यायामाला खाली न्यायचं, दुपारी वर, संध्याकाळी चौकापर्यंत. तिला गाड्या बघायला आवडायचं. मी डाव्या कडेवर घ्यायचे, उजवा हात मोकळा राहायचा म्हणून." ती पुढे म्हणाली, "पाच वर्षं झाली जाऊन. छातीत कफ झाला."

हे सगळे तिने शीतगृहाच्या नोंदी वाचून दाखवाव्यात तसे सांगितले. मगदुमांना एकदम आपल्या मघाच्या आवाजाची लाज वाटली.

डॉ. मुजावरांनी विचारले, पण जपून विचारले. "तिचं वजन तुम्हाला नेमकं कसं माहीत, ताई?"

"तिच्या औषधाचा डोस वजनावर असायचा. दर महिन्याला दवाखान्यात करावं लागायचं. ती उभी राहायची नाही, म्हणून मी तिला घेऊन काट्यावर उभी राहायचे. मग तिला खाटेवर ठेवून एकटी. वजाबाकी करायची."

"दोघींचं मिळून किती भरायचं?"

केतकीने वर पाहिले. समोरच्या पडद्यावर तिचे आजचे वजन होते.

"नव्वद," ती म्हणाली.

"शेवटच्या वेळी?"

"दर वेळी. तिचं अठरा होतं तेव्हा माझं बहात्तर. ती एकवीस झाली तेव्हा मी एकोणसत्तर. मी सिस्टरना म्हणायचे, काटा अडकलाय तुमचा. त्यांनी एकदा बदलला पण. नव्यावर परत नव्वद. आम्ही हसलो होतो." तिने पडद्यावरून नजर काढली. "ओवी पण हसली होती. तिला कोणी हसलं की हसू यायचं."

मगदुमांनी यंत्रावर हात ठेवला, या वेळी हळूच. ते बिघडलेले नव्हते. मुलगी किलोभर वाढली की आई किलोभर उतरत होती, आणि मुलगी गेल्यावर हाडांनी राहिलेले चोवीस किलो आईकडूनच भरून घेतले होते.

"भूक कधी लागायला लागली?" डॉ. मुजावरांनी विचारले.

"महिन्यानं. आधी घास जात नव्हता. महिना झाला आणि अशी भूक लागायला लागली की मला माझीच किळस यायची. सासूबाई जावेला म्हणाल्या, पोर गेली आणि ही जेवायला लागली. मी दारामागं होते. त्यांचं काय चुकलं? मी पण तेच म्हणत होते. कसली आई आहे मी! लेकरू गेलं आणि चार-चार चपात्या खातेय."

"ताई, ती भूक तुमची नव्हती," मगदूम म्हणाले. त्यांना आणखी काही म्हणायचे होते, ते जमले नाही, म्हणून ते आपल्या विषयाकडे परतले. "शुक्रवारचं रद्द करा. मी लिहून देतो. शंभर वेळा कापलं तरी हाडं नव्वदवर आणणारच. त्यापेक्षा आमच्याकडं भारकवच आहे. वाळूच्या पिशव्यांचं जाकीट. चोवीस किलो घालून रोज तासभर फिरायचं. दोन वर्षांत तुम्ही परत सहासष्ट. मात्र ते कायम घालायचं, सोडलं की परत येईल."

"हाडांना काय वाटेल?"

"ओझं परत आलं, असं वाटेल."

"आणि मग मागायचं बंद करतील?"

"करतील. पंधरा दिवसांत भूक उतरेल."

पाच वर्षे केतकीने दुसरे काही मागितले नव्हते. भूक उतरू दे, एवढेच. आता ते मिळत होते. आणि तिला वाईट वाटत होते. नुसते बधिर नाही, खरोखर वाईट, ढळढळीत. असे काही वाटायची सवयच गेली होती, म्हणून तिने पाट्यांशेजारच्या कठड्याला धरले.

"घरात तिचं नाव कोणी काढत नाही हो," ती म्हणाली. "महेश नाही. मी पण नाही. मला वाटायचं, मी पण विसरले. हाडंच तेवढी तिला रोज मागत होती, आणि मी त्यांना शिव्या घालत होते."

डॉ. मुजावर तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने केतकीने डोळे पुसले आणि म्हणाली, "आणा ते जाकीट."

दोन-दोन किलोच्या बारा पिशव्या होत्या. डॉ. मुजावर त्या पुढच्या-मागच्या खिशांत सारख्या वाटून भरू लागल्या.

"सगळ्या डावीकडं द्या," केतकी म्हणाली.

"दोन्ही बाजूंना सारखं लागतं, ताई. कंबर दुखेल."

"दुखायचीच."

डॉ. मुजावरांनी मगदुमांकडे पाहिले. "द्या डावीकडं," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

जाकीट चढवून केतकी पुन्हा पाट्यांवर उभी राहिली. पडद्यावर एकशे चौदा यायला हवे होते. ते आले, गेले, परत आले. तिचा डावा हात पिशव्यांखाली गेला होता, आणि ती उभ्या जागी हळूहळू हलत होती, या पायावरून त्या पायावर.

"हात खाली सोडा, केतकीताई," डॉ. मुजावर म्हणाल्या. "आकडा ठरत नाहीये."

"सोडते," केतकी म्हणाली.

डॉ. मुजावरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग आकडा हलत असतानाच लिहून घेतला.