सुजलेल्या गालांची ओळख

दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी टेकले, तेव्हा दोघांचेही गाल टम्म सुजलेले होते.

"हसवू नका हं," तो पुटपुटला. "मला सक्त मनाई आहे."

"मग माझ्याकडे बघू नका."

"मग कुठे बघू? समोर तुमची बहीण डोळे वटारून बसलीय."

ती शाळेत शिकवायची. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत उतरलेल्या खोल घड्यांमुळे ती नुसती शांत बसली, तरी मुलं विचारायची, "बाई, रागावलात?" म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिच्याच पोटावरची थोडी चरबी काढून त्या घड्यांत भरली होती. तो बेकरीवाला. भट्टीशी भाजून त्याच्या एका गालात खड्डा पडला होता, तो असाच भरून घेतला होता.

"माझी मांडीची," तो म्हणाला. "तुमची?"

"पहिल्याच भेटीत हे विचारतात?" म्हणत ती हसलीच... आणि कळवळली.

मग रोज फोन सुरू झाले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. सूज उतरली. घड्या पुसल्या गेल्या नाहीत, पण मवाळ झाल्या. तिनं मोठ्या हौसेनं त्याला फोटो पाठवला — आणि त्याचे फोन थांबले.

"सोड ना," बहीण म्हणाली.

तिला सोडवेना. शाळा सुटल्यावर ती थेट बेकरीत गेली. तिला पाहताच त्यानं मान वळवली, पण गालातला खड्डा तिला दिसलाच.

"बरीचशी चरबी विरून गेली," तो म्हणाला. "पुन्हा भरावी लागणार. तुझा फोटो इतका छान... वाटलं, आपण आपलं भट्टीपाशीच बरं."

"आणि मी आरशासमोर उभी राहून माझ्यातच खोट शोधत होते." ती म्हणाली. "कळतंय तुला?"

"चुकलं माझं."

तिनं हळूच त्याच्या त्या गालावर हात ठेवला. गाल ऊबदार होता, पिठानं माखलेला.

"पुन्हा जाशील तेव्हा मी येईन बरोबर."

"तिथे विचारतात, सोबत आलेली कोण..." त्यानं हातावरचं पीठ झटकलं. "होणारी बायको, असं सांगितलं तर... चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

दारात पाव घ्यायला आलेल्या एक आजी केव्हाच्या थांबल्या होत्या.

"होऊ द्या तुमचं सावकाश," त्या म्हणाल्या. "मला काही घाई नाही."