काचेखालचे तडे

"अम्मी, शनिवार अजून लांब हाय. आमी शोधून काढतो," असं म्हणून हुमेराने सायकलवर टांग टाकली. दिग्विजय आणि शिवप्रिया फाटकाशी थांबलेच होते. तिघंही येडशीच्या शाळेतले, आठवीत गेलेले; उन्हाळ्याची सुट्टी चालू होती.

हुमेराची आई जमिलाबी गावाबाहेरच्या सोलर पॅनलच्या कारखान्यात सेल जोडायची. गोदामातली बरीच पॅनल आतून तडकलेली निघाली. सेल जोडायचं टेबल तिचंच, म्हणून ठपका तिच्यावर आला. शनिवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही, तर तिला कामावरून कमी करणार होते.

कारखान्याचे मॅनेजर हिंमतराव दिग्विजयचे चुलते, म्हणून मुलांना आत जायला मिळालं. त्यांनी टेबलावरचा राखाडी, चकचकीत खडा दाखवला. पांढरी गारगोटी कोळशाबरोबर भट्टीत तापवली, की असं सिलिकॉन निघतं. ते अगदी शुद्ध करून पुन्हा वितळवतात आणि त्या रसातून खांबाएवढा एकच स्फटिक हळूहळू वर ओढतात. मग हिऱ्याची पूड लावलेल्या तारेनं त्याच्या चकत्या कापतात. चकतीचा सेल तयार होऊन इथं येतो. इथं सेल तारेनं जोडायचे, काचेखाली घालून गरम दाबायचे, की पॅनल तयार.

त्यांनी एक सेल शिवप्रियाच्या तळहातावर ठेवला. जेमतेम वहीच्या दोन पानांएवढा जाड! तिनं श्वासच रोखला. दगडातून निघालेली ही निळी पापडी उन्हाची वीज करते, याचं तिला फार नवल वाटलं.

नंतर अंधाऱ्या खोलीत पॅनलला करंट दिला. कॅमेऱ्यात सेल उजळले. तडा असता तर तिथं काळी रेघ दिसली असती. तडकलेल्या पॅनलचे फोटोही त्यांनी दाखवले.

दिग्विजय फोटो न्याहाळत म्हणाला, "काका, चाचीचे जोड तर पार कडेपर्यंत असतात. मग तडे सगळे मधोमधच कसे?"

हिंमतरावांनी फोटो पुन्हा एकेक करून पाहिले.

मुलं गोदामाच्या वाटेवर लिंबाखाली जाऊन बसली. पॅनल नेण्याची ट्रॉली चाक मोडून पडली होती, म्हणून माल हलवणाऱ्या ठेकेदारानं हमाल बायका लावल्या होत्या. त्यांतल्या चन्नम्मानं डोक्यावर चुंबळ ठेवली, वर पॅनल आडवं घेतलं आणि हात सोडून ताठ चालू लागली. पॅनलची दोन्ही टोकं पावलागणिक लवत होती.

"हुमे, मधोमध," शिवप्रिया कुजबुजली.

हुमेरा पळतच हिंमतरावांना घेऊन आली. ठेकेदार हसला. ही बाई तुरीचं पोतं डोक्यावरून नेते, तिथं या पाटीचं काय, असं त्याचं म्हणणं. मग हुमेरानं एकच मागणं केलं: चांगल्या पॅनलचा फोटो काढा, ते असंच गोदामापर्यंत नेऊन आणा, पुन्हा फोटो काढा.

दुसऱ्या फोटोत मधोमध काळ्या रेघा होत्या. ठेकेदाराचं हसू गेलं.

चन्नम्मा कावरीबावरी झाली. "साहेब, माझ्यामुळं जमिलाला घालवीत होतात व्हय?"

"तुमचा दोष न्हाय, बाई. ट्रॉली या ठेकेदारानं दुरुस्त केली न्हाय, आणि मी बघितलं न्हाय," हिंमतराव म्हणाले.

ते स्वतः जमिलाबीच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांदेखत त्यांनी माफी मागितली. "तुमच्या पोरीनं आणि तिच्या दोस्तांनी आज मला शिकवलं," असंही म्हणाले. जमिलाबीनं पदरानं डोळे टिपले आणि ती सरळ चन्नम्माकडे गेली.

मग पुढचं पॅनल उभं धरून निघालं. चौकटीच्या एका बाजूला चन्नम्मा, दुसऱ्या बाजूला हुमेराची अम्मी.